आमची चक्कडी ट्रॅक्टरमागं

आमच्या परसात आंब्याखाली एक जुनी सवारी गाडी उभी होती. आई तिला ‘गाडी’ म्हणते, बायको ‘चक्कडी’ म्हणते आणि मुलं जिच्याशी बोलत असतील तिचा शब्द वापरतात. आमचं घरच तसं आहे. आई मराठीत बोलते, सून ‘अत्ती’ म्हणत कन्नडमध्ये उत्तर देते आणि गेली अठरा वर्षं दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही.

ही गाडी आजोबांनी १९६८ साली गावच्या सुताराकडून करून घेतली. साटा सागवानी, चाकं बाभळीची, वर कमानी आणि कमानींवर तट्ट्या. चाकाला लोखंडी धाव चढवताना ती शेणी पेटवून लालबुंद तापवायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळे आरे घट्ट. हे काम बघायला सगळी गल्ली जमायची, असं वडील सांगत.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, म्हणजे आमच्याकडच्या होस्तिल हुण्णवीला, हीच गाडी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायची. गावापासून सुमारे ऐंशी किलोमीटर. बैलांच्या चालीनं जायलाच तीन दिवस लागत. तेवढे दिवस गाडी हेच घर. आत पिंजर पसरून वर घोंगडं, कोपऱ्यात भाकऱ्यांची बुट्टी, शेंगाचटणीचा डबा, मागे बैलांची वैरण. रात्री बैल सोडले की आम्ही पोरं आत झोपायचो आणि वडील खाली, दोन चाकांच्या मध्ये. तिथं पोचल्यावर जोगुळभावीला आंघोळ, मग डोंगर, मग परडी भरायची. आमच्या लहानपणी सहल म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि ते पुरत होतं.

वडील २०२१ साली गेले. पुढच्या वर्षी धाकट्या भावानं बैलजोडी विकली. त्याला दोष नाही. ट्रॅक्टर दारात असताना वर्षातून चार दिवसांसाठी बैल कोण सांभाळणार? गाडी मात्र आंब्याखाली राहिली. एका चाकाच्या दोन आऱ्यांना वाळवी लागली.

आता माझी चूक सांगतो. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला दारात शोभेसाठी गाडी हवी होती. त्यानं बावीस हजार सांगितले. मी हो म्हटलं आणि हजार रुपये इसारही घेतला. आईला विचारलं नाही. कॉलेजात मी मुलांना लोकसंस्कृतीवर तास तास बोलतो. घरी येऊन इसाराची नोट कपाटात ठेवताना मला काही वाटलं नाही, हे आज कबूल केलेलं बरं.

आईला कळलं तेव्हा ती भांडली नाही. भाकरी थापत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “एकदा त्याच गाडीतनं यल्लम्माला जाऊन यायचं होतं की रे मला. तुझे बाबा असताना बोललेलं राहूनच गेलं.” दुसऱ्या दिवशी मी हॉटेलवाल्याचे पैसे परत केले. तो चिडला, ते साहजिकच होतं.

पण बैल नाहीत, मग न्यायची कशी? भाऊ म्हणाला, “त्यात काय, दांडी ट्रॅक्टरला अडकवू.” आमच्या गावचा वेल्डर शहाणा. त्यानं आधी गाडीखाली वाकून बघितलं आणि मान हलवली. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतात, त्या चालीसाठी हे चाक आहे. याला बेअरिंग नाही, लोखंडी आसावर नुसतं वंगण. ट्रॅक्टरच्या वेगानं ओढलं तर आस तापेल, आरे निखळतील आणि गाडी डांबरी रस्त्यावर बसेल.

वाट सुचली ती अमेरिकेतल्या भाच्याकडून. फोनवर तो म्हणाला, “मामा, इथं पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायची एक खोली मिळते. तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. झोपायला, स्वयंपाकाला जागा असते. ट्रक म्हातारा झाला, पण खोली धडकी असली, तर काही हौशी लोक ती उचलून ट्रेलरच्या सांगाड्यावर ठेवतात आणि दुसऱ्या गाडीमागं ओढतात.” पुढं त्यानं बजावलं, “पण मामा, ओढताना आत माणूस बसवायचा नाही हं.”

आम्हाला पहिलं वाक्य ऐकू आलं. दुसरं नंतर आलं.

भावानं पाण्याची टाकी वाहायची एक छोटी दोनचाकी ट्रॉली घेतली, कागदपत्रांसकट. हे महत्त्वाचं आहे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच धरलं जातं, त्यामुळं घरी सांगाडा जोडला आणि निघालो असं चालत नाही. गाडीची चाकं, आस आणि दांडी काढली. साटा कमानींसकट ट्रॉलीवर ठेवला. लाकूड लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये जुन्या टायरच्या पट्ट्या घातल्या. वेल्डिंग कुठंच केलं नाही. सहा बोल्ट आणि दोन पट्टे एवढ्यावर सगळं कसलं, म्हणजे हवं तेव्हा उतरवता यावं.

पहिल्याच फेरीत गाडीची शेपटी डावी-उजवी झोके घ्यायला लागली. बैलगाडी हाकलेल्या माणसाला यातलं कारण कळतं. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढं जास्त झाला तर बैलांची मान दबते. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यावा लागतो. आम्ही धान्याचा वजनकाटा हुकाखाली ठेवला. एकूण वजन सहाशे किलो आणि हुकावर फक्त चाळीस. मग साटा दहा इंच पुढं सरकवला, भार सत्तर किलो झाला आणि झोके थांबले. शिवाय हुकाला साखळी लावली, मागं लाल दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या.

राहिला आईचा प्रश्न. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायदा परवानगी देत नाही, आणि त्याला कारण आहे. जत्रेच्या दिवसांत ट्रॉली उलटल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो. पण आईला कोण सांगणार? ज्यासाठी एवढं केलं तेच होणार नव्हतं. मी दोन दिवस टाळलं. शेवटी बायकोनंच अंगणात तिच्याजवळ बसून सांगितलं, आपल्या कन्नडमध्ये. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग रात्री झोपायला तरी देतील काय?” झोपायला कोण अडवणार होतं!

१५ डिसेंबर २०२४ला पौर्णिमा होती. आम्ही दोन दिवस आधी निघालो. भाऊ ट्रॅक्टर घेऊन पुढं, आम्ही भाड्याच्या जीपमधून मागं. आई पुढच्या सीटवर बसून काचेतून सारखी त्या कमानीकडं बघत होती. बैलहोंगलजवळ बायकोच्या माहेरी मुक्काम झाला. सासूबाईंनी होळगी केली होती. त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, आणि बैल नाहीत म्हणून ट्रॅक्टरलाही लावलं.

डोंगराखाली मोकळ्या जागेत ट्रॉली उभी केली. हुक सोडला, चाकांना दगड लावले, पुढं टेकू दिला. आत पिंजर, घोंगडं. आई वर चढली आणि कमानीच्या एका वेताला हात लावून बसली. त्या वेताला कधीतरी वडिलांनी सुतळी गुंडाळली होती, ती अजून तिथंच होती. मला ती कधी दिसली नव्हती.

त्या रात्री आई आणि माझी दोन्ही मुलं आत झोपली. मी खाली, दोन चाकांच्या मध्ये. टायरची चाकं, वास डिझेलचा. झोप काही फार लागली नाही. पहाटे आईनं वरून विचारलं, “थंडी वाजालीय काय रे?” मी नाही म्हटलं. वडीलही असंच नाही म्हणायचे.

बाभळीची चाकं घरी पडवीत भिंतीला टेकवून ठेवली आहेत. वाळवीचे दोन आरे बदलायचे आहेत. गावात ते काम येणारा एकच सुतार उरलाय आणि त्याचं वय झालंय. तेव्हा हे मात्र पुढं ढकलायचं नाही, असं ठरवलंय.