नाव दिसतं, गाणं वाजत नाही

“मॅडम, तुमच्याकडूनच डिलीट झालं असणार.”

मेमरी कार्ड विकणाऱ्या एका दुकानदाराचं हे वाक्य. २०११ सालचं. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं. कार्डाचे पैसे गेले त्याचं मला काही नाही. जे गेलं ते कुठल्याच दुकानात विकत मिळणारं नव्हतं, आणि ते मीच घालवलं असं तो माणूस चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला.

पण आधी फोनबद्दल सांगते. मी मिरजेची. मिरज म्हणजे तंबोरे, सतारी, मीरासाहेबांचा दर्गा, तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी गाणं शिकत होते, कोल्हापुरात एका कार्यालयात नोकरी करत होते आणि रोज पॅसेंजरनं जाऊन येत होते. गुरुजी किराणा घराण्याचे, वय झालेलं, गावाबाहेर फारसं नाव नसलेले. माझा पगार बेताचा. त्यातून पैसे बाजूला टाकून नोकियाचा एक्स टू घेतला, पाच हजारांच्या आसपास. तेव्हा श्रीमंत मैत्रिणींकडे मोठ्या पडद्याचे फोन यायला लागले होते. मला गाणं ऐकायला फोन हवा होता, एवढंच.

आणि गाण्यासाठी तो फोन खरोखर विचार करून बनवलेला होता. डाव्या कडेला तीन बटणं: मागे, थांब-चालू, पुढे. वरच्या कडेला साडेतीन मिलिमीटरचं भोक, म्हणजे कुठलाही साधा इअरफोन चालायचा. कार्ड सोळा जीबीपर्यंतचं घेत असे. रेडिओ होता. कोल्हापूर आकाशवाणी एफएमवर लागायची. सांगली केंद्र तेव्हा मध्यम लहरींवर, त्यामुळे ते मात्र फोनवर मिळायचं नाही, त्यासाठी घरचा जुना ट्रान्झिस्टरच.

त्या तीन बटणांचं महत्त्व गाणं शिकणाऱ्यालाच कळेल. आम्ही रेकॉर्ड सरळ ऐकत नाही. एक जागा येते, गायक गंधारावरून षड्जावर असा काही उतरतो की आपण थबकतो. थांबवायचं, दहा सेकंद मागे जायचं, पुन्हा ऐकायचं, मनात म्हणायचं, पुन्हा मागे. एका जागेसाठी जयसिंगपूरपासून रुकडीपर्यंतचा प्रवास खर्ची पडायचा. हे सगळं पर्समध्ये हात घालून, फोनकडे न बघता, अंगठ्यानं व्हायचं. आताच्या काचेच्या फोनवर आधी पडदा उघडा, मग ती बारीक रेघ बोटानं मागे ओढा, बोट जरा सरकलं की चाळीस सेकंद मागे. तोवर ती जागा मनातून निसटलेली असते.

गुरुजींना मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं टाळत होते. त्यांनी माझा फोन हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं, मधलं बटण दाबलं, भीमसेनजींचं गाणं सुरू झालं. पुन्हा दाबलं, थांबलं. मी काही शिकवलं नव्हतं. “हे बरंय, टेपरेकॉर्डरसारखं आहे,” म्हणाले. ज्या माणसाला मोबाईलवर आलेला फोन उचलता येत नव्हता त्यानं गाणं कसं लावलं, याचं मला अजून नवल वाटतं.

फोनचा दुसरा उपयोग तंबोऱ्याचा. मिरजेत राहून तंबोरा फोनवर लावायचा, हे ऐकून लोक नाक मुरडतात. पण चांगला तंबोरा घ्यायला पैसे लागतात, ठेवायला जागा लागते आणि तारा जुळवायला आधी कान तयार लागतो. बंगळुरूच्या राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तंबोराही मला तेव्हा परवडणारा नव्हता. म्हणून काळी चार या माझ्या पट्टीचा तंबोरा एमपीथ्री करून कार्डावर घातला. पाच मिनिटांचा तुकडा पुन्हा पुन्हा लावला की दर पाच मिनिटांनी मध्ये क्षणभर खंड पडतो, कारण एमपीथ्री बनवताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. आलापात बसलेल्या माणसाला तो खंड टोचतो. उपाय एकच: सलग तासाभराचा तुकडा. १२८ केबीपीएसनं तो साधारण ५७ एमबीचा होतो.

फोनच्या स्पीकरमधून खर्ज येत नाही. काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्म्यावर, १०४. स्पीकरच्या एवढ्याशा पडद्याला इतकी हवा हलवता येत नाही. तरी तंबोरा ऐकू येतो, कारण वरचे स्वयंभू स्वर आले की खालचा षड्ज आपला कान स्वतः भरून घेतो. पण भरून घेतलेल्या षड्जावर रियाज करणं वेगळं आणि अंगाला जाणवणाऱ्या षड्जावर बसणं वेगळं. म्हणून मी वायर लावून फोन कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकरला जोडायचे, आणि खोली भरून जायची. त्या एका भोकामुळे पाच हजारांच्या फोनचा तंबोरा झाला. म्हणूनच २०१६ साली आयफोन सेव्हनमधून ते भोक काढलं आणि मग एकेक करून बाकीच्यांनीही काढलं, तेव्हा मला ते अजिबात पटलं नाही. आजही स्वस्त फोनांतच ते जास्त सापडतं, हे बरं आहे.

तर, रेकॉर्डिंग. गुरुजी शिकवताना कुणाला रेकॉर्ड करू देत नसत. जुन्या लोकांचा हा नियमच. मी वर्षभर विचारलंही नाही. मग एका पावसाळ्यात त्यांना दम लागायला लागला आणि एक दिवस तेच म्हणाले, “तुझा तो फोन इकडे ठेव.” त्यांनी दोन अटी घातल्या. हे फक्त तुझ्यापुरतं. आणि लगेच ऐकायचं नाही. आधी आठवणीवर गा, कुठे अडलीसच तर ऐक. मी कबूल केलं आणि पाळलंही.

फोनचा रेकॉर्डर एएमआर पद्धतीचा, बोलणं टिपण्यासाठी बनवलेला. सेकंदाला आठ हजार नमुने, म्हणजे चार हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजारव, त्यात मरते. पण बंदिशीचे शब्द, समेवर यायची पद्धत, “नाही, असं नाही, हे बघ,” हे गुरुजींचं मध्येच थांबणं, सगळं राहतं. तासाला जेमतेम पाचसहा एमबी. यमन, पूरिया, आणि शेवटी मारवा. मारव्यातली एक विलंबित बंदिश त्यांच्याशिवाय मी कुणाकडे ऐकलेली नव्हती. प्रत्येक फाइलला मी नीट नाव दिलं होतं.

हे सगळं एका ४ जीबीच्या कार्डावर होतं. कार्डावर नामांकित कंपनीचं नाव छापलेलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात, दुकानात काचेखाली मांडलेलं. त्यावर माझे निरनिराळ्या पट्ट्यांतले तंबोरे, घरच्या कॅसेटींवरून करून घेतलेल्या मैफली, आणि त्यानंतर गुरुजींची तालीम.

दिवाळीनंतर गुरुजी गेले.

बरेच दिवस मला ते ऐकवेना. मग एका संध्याकाळी मारवा लावला. फाइल दिसली, नाव बरोबर, आकार बरोबर. वाजेना. दुसरी वाजेना. यमन वाजला, पूरियाचा पहिला भाग वाजला, आणि पुढचं काहीच नाही. फोन बंद करून चालू केला, कार्ड पुसून घातलं, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावलं. तिथेही यादीत नावं ओळीनं हजर, आणि एकातही आवाज नाही.

तेव्हा मी त्या दुकानात गेले आणि तो ते वाक्य बोलला. मी म्हटलं, “अहो, डिलीट केलं असतं तर नावही गेलं असतं ना? नाव दिसतंय, आकार दिसतोय, आतलं कुठे गेलं?” हा प्रश्न साधा आहे. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, व्हायरस आला असेल. मग म्हणाला, फोन खराब असेल. मग म्हणाला, लेडीज लोक बटणं कुठलीही दाबतात. शेजारी उभा असलेला एक कॉलेजचा मुलगा हसला. मी कार्ड बदलून मागत नव्हते, मला फक्त हे का झालं ते कळायला हवं होतं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला कव्हर दाखवायला वळला. मी काउंटरपाशी उभीच होते. त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. मी फोन विकत घेऊ शकते, त्यात गाणी घालू शकते, फाइल म्हणजे काय हे मला कळतं, आणि तरीही माझ्या हातून काय झालं हे तो मला सांगत होता.

कारण शेवटी भाच्यानं शोधलं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि मग भरलेलं सगळं पुन्हा वाचून बघतं. कळलं ते असं: कार्डात खरी जागा एक जीबीच्या आसपास. आतल्या चिपला फोनशी खोटं बोलायला लावलेलं होतं, की मी चार जीबीचं आहे. एका खोलीच्या घरावर चार खोल्यांची पाटी लावावी तसं. पहिला एक जीबी नीट लिहिला जातो. त्यापुढे जे येतं ते कार्ड घेतल्यासारखं करतं, तक्रार करत नाही, आणि टाकून देतं. फाइलींच्या नावांची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, खऱ्या जागेत. म्हणून नाव राहतं आणि गाणं जातं. म्हणजे मी मारवा रेकॉर्ड करत होते, फोनवर सेकंद पुढे सरकत होते, तेव्हाच तो नाहीसा होत होता. गुरुजी दम खात गात होते ते कुठेच उमटत नव्हतं.

ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ पासून आहे, तक्रार करता येते, म्हणाले. बिल आहे का? बिल नव्हतं, दुकानाच्या शिक्क्याची चिठ्ठीसुद्धा नव्हती. आणि भरपाई कशाची मागणार? कार्डाची किंमत साडेतीनशे रुपये.

म्हणून आता मी भेटेल त्याला सांगते. कार्ड घ्या, पण पक्कं बिल घ्या. नवं कार्ड आधी पूर्ण भरा आणि शेवटी भरलेली फाइल उघडून बघा, पहिली नव्हे. जे पुन्हा मिळणार नाही ते त्याच रात्री दुसऱ्या जागी उतरवा. फोन घेताना कॅमेऱ्याचे आकडे विचारता, तसं इअरफोनचं भोक आहे का, कार्ड घालता येतं का, रेडिओ आहे का, हेही विचारा. २०२३ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं मोबाईल उत्पादकांना एफएम रेडिओ चालू ठेवा अशी सूचना केली. पुरात, वादळात नेटवर्क जातं तेव्हा रेडिओच चालतो. २०१९ चा महापूर ज्यांनी सांगली-कोल्हापुरात पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मी स्वतः शिकवते. मुलींकडे तंबोऱ्याची अ‍ॅप आहेत, पट्टी सूक्ष्म फरकानं वरखाली करता येते, मध्ये खंड पडत नाही. मला त्याचा आनंदच आहे. मी माझ्या शिकवण्या रेकॉर्ड करू देते, फक्त तुझ्यापुरतं अशी अट घालत नाही. उलट सांगते, एकमेकींना पाठवा, जितक्या जागी असेल तितकं बरं. गुरुजींनी चार जणांना रेकॉर्ड करू दिलं असतं तर मारवा आज असता, हे मी त्यांच्या पश्चात अनेकदा मनाशी म्हटलं आहे.

पण नवी बंदिश पहिल्यांदा सांगते त्या दिवशी मुलींना फोन बाहेरच्या खोलीत ठेवायला लावते. एकदोघींच्या आयांनी कारण विचारलं. माझ्याकडे पटेल असं कारण नाही. पूरियाचा जो भाग कार्डावर वाचला तो मला फाइल लावल्याशिवाय नीट आठवत नाही, आणि मारव्याची अस्ताई मला अजून पूर्ण येते. अंतरा मात्र गेला. तो त्या कार्डावर होता, आणि तो मला हवा आहे.