फरशीआधी तुळई पाहा

उस्मानपुऱ्यातले आमचे घर स्लॅबचे. पण अम्मीचे माहेर जुन्या शहरात, सागवानी तुळया आणि फळ्यांच्या माडीचे. यंदा मामूंनी त्या माडीवर शहाबादी फरशी बसवायचे ठरवले. दुकानात जाण्याआधी आम्ही मामा-भाचे कागद घेऊन बसलो.

1 इंच जाडीची फरशी चौरस फुटाला सुमारे 6 किलो भरते. 10 बाय 10 च्या खोलीत 600 किलो. खाली 2 इंच मसाला धरला तर दीड टन! आणि त्याच तुळयांखाली मामूंची नातवंडे झोपतात.

वजनाइतकाच प्रश्न हालचालीचा. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, चालताना किंचित लवते. दगड लवत नाही, तडकतो. म्हणून नैसर्गिक दगडाखालच्या तुळईचा झोल तिच्या लांबीच्या 720 व्या भागापेक्षा जास्त नसावा, असा बांधकामातला एक दंडक आहे. म्हणजे 12 फुटांत जेमतेम 5 मिलिमीटर.

तेव्हा क्रम असा ठेवावा. भिंतीत शिरलेली तुळयांची टोके टोच्याने टोचून पाहावीत. वाळवी आणि ओल तिथेच लपते. वजन पेलेल का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. गरजेप्रमाणे तुळया वाढवाव्यात, फळ्यांवर जाड प्लायवूड स्क्रूने आवळावे. मसाला थेट लाकडावर टाकू नये. मध्ये दोघांना सुटे ठेवणारा थर हवा. भिंतीलगत थोडी फट सोडावी.

मामूंच्या माडीत एका तुळईचे टोक पोकळ निघाले. फरशीचे पैसे आता आधी तिच्यावर खर्च होतील. मामींना शहाबादीची हौस होती, पण त्याच म्हणाल्या, "पहले बच्चों के सर पर का देखो."