मुकुंदवाडीचा हातगुण

मुकुंदवाडी हे मनमाड–काचेगुडा मार्गावरचे लहानसे स्टेशन. शेजारीच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. तेव्हा हत्यारांशी सलगी असलेले हात इथे पुष्कळ. मिक्सरचे बटण तुटले? साधे प्लॅस्टिक तापवून सांधता येते. कुकरचा बेकेलाइटचा दांडा मात्र पुन्हा वितळत नाही. तो नवाच बसवावा लागतो.

हेच हात एन. सी. सी.च्या पॉइंट टू टू रायफलीला लागले तर? तिची पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आदळते. ती केसभर लांब राहिली, तर रिकामा चाप ओढताना नळीची मागची कडच चेचते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना हवा. बटण चुकले तर चटणी राहते. बंदूक चुकली तर डोळा जातो. वाचकहो, वेळीच ‘नाही’ म्हणणे हाही कारागिराचा हातगुणच!