जिताड्याचं बी: पिशवीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी

पाऊस लागला की पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात तळी भरतात आणि जिताड्याच्या बियाची चौकशी सुरू होते. मागोमाग एक तक्रारही येते: "सोडताना बी टुणटुणीत होतं, तिसऱ्या दिवशी मरून वर आलं. हॅचरीवाल्यानं फसवलं." कधी बी खरंच खराब असतं. पण आधी पाण्याचा खारटपणा विचारा. पिशवीत किती होता, तळ्यात किती होता? बहुतेकांनी मोजलेलाच नसतो.

जिताडा खाऱ्यात जगतो, गोड्यातही जगतो. खाडीतलं बी पकडून गोड्या तळ्यात वाढवायची आपली रीत जुनीच आहे. पण खाडीतलं पिल्लू आपल्या चालीनं वर सरकतं. हॅचरीचं बी 28-30 पीपीटीतून थेट पिशवीत, आणि पिशवीतून तुमच्या दारात.

माशाच्या रक्ताचा खारटपणा साधारण 10-12 पीपीटीच्या पाण्याइतका असतो. त्याहून खाऱ्या पाण्यात मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं. पाणी आपोआप अंगात शिरतं, ते लघवीवाटे काढावं लागतं आणि मीठ कल्ल्यांनी आत ओढून घ्यावं लागतं. कल्ल्यांना हे काम पालटायला दिवस लागतात. म्हणून मर लगेच दिसत नाही.

पिशवी तळ्यात अर्धा तास तरंगत ठेवली की तापमान जुळतं, खारटपणा नाही. पिशवी उघडून तिच्यातच थोडं थोडं पाणी ओतत बसणंही मला पटत नाही. प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण पिल्लांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडून हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो.

म्हणून मी टब आधीच पिशवीच्या खारटपणाचा करून ठेवतो. आकडा हॅचरीला फोन करून विचारायचा, पिशवी आली की रिफ्रॅक्टोमीटरने पुन्हा बघायचा. त्यासाठी खाडीचं पाणी मे महिन्यातच टाकीत भरून, झाकून ठेवतो. जुलैत खाडी स्वतःच गोडी झालेली असते. आपल्याकडे मिठागरं आहेत म्हणून नुसतं मीठ विरघळवून भागवू नका. त्यात समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पुरेसं नसतं.

तापमान जुळलं की पिल्लं जाळीनं उचलून टबात, पिशवीचं पाणी बाहेर. मग एरेटर लावून तळ्याचंच पाणी. बोअरचं नको, नळाचं तर नकोच. इथे हिशेब नीट बघा. 200 लिटरचा टब 28 वर आहे, तळं 4 वर. टबातलं 20 लिटर काढून तळ्याचं 20 लिटर घातलं की खारटपणा 2.4 ने उतरतो. टब 12 वर आला की तेवढंच पाणी जेमतेम 0.8 ने उतरवतं. म्हणजे घाई सुरुवातीलाच बाधते! तासाला 2 पीपीटीच्या वर मी उतरवत नाही. 12 ला आलं की रात्रभर थांबतो आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी, आणखी सावकाश. 12 च्या खाली कल्ल्यांना उलटं काम करावं लागतं.

रात्र टबात काढायची तर मोठी-लहान पिल्लं वेगळी करा, नाहीतर सकाळी मोजणी कमी आणि पोटं मोठी. जिताडा भावंडांनाही सोडत नाही.

हॅचरीवाला तयार असेल तर पॅकिंगआधी दोन-तीन दिवसांत बी 15 वर आणून मागा. चार पैसे जास्त गेले तरी मी देतो.

तळ्यात सोडताना 100 पिल्लं मोजून हाप्यात वेगळी ठेवतो आणि तीन दिवस रोज सकाळी मोजतो. हॅचरीशी बोलायची वेळ आलीच, तर हातात हे आकडे आणि पिशवीचा खारटपणा, दोन्ही लिहिलेलं असतं.