जिन्याखालची बॅटरी

जें आपण दुसऱ्यास शिकवितों तें स्वतः आचरितोंच असें नाहीं, हें आम्हांस गतवर्षींच्या वैशाखांत आमच्याच घराच्या जिन्याखालीं उमगलें. विद्युत्प्रवाहापासून उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा जूलचा नियम आम्ही दरसाल फळ्यावर लिहून देतों. पण तो घरीं नेण्याचें आमच्या कधीं मनांतही आलें नव्हतें.

छत्रपती संभाजीनगरचा उन्हाळा वाचकांस सांगावयास नको. पारा चाळिशी ओलांडतो आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहींत. अशा एका दुपारीं आम्ही विजेच्या दुचाकीवरून घरीं आलों, तापलेली बॅटरी काढून जिन्याखालीं ठेविली, लागलीच चार्जर जोडिला आणि धूळ बसूं नये म्हणून वर एक जुनी गोधडी पांघरली! मूळचा चार्जर बिघडल्यामुळें बाजारांतून आणिलेला हा चार्जर स्वस्त होता, याचाही आम्हांस अभिमानच वाटत होता.

तासाभरानें मातोश्रींनीं हांक मारिली. "अरे, ही पेटी तव्यासारखी तापली आहे. रात्रीं पेटली तर आम्हीं माडीवरून उतरावें कोठून?"

जिना तो एकच. आम्ही निरुत्तर झालों. बटण बंद केलें, गोधडी दूर केली, आणि ती पेटी पुरती निवेपर्यंत मुलांना तिच्याजवळ फिरकूं दिलें नाहीं.

मातोश्रींची भीति अनाठायीं नव्हती. ३ एप्रिल २०२४ रोजीं पहांटे आमच्याच शहराच्या छावणी भागांत कपड्यांच्या दुकानास आग लागून वरच्या मजल्यावरील एकाच कुटुंबांतील सात जण मृत्युमुखीं पडले. त्या आगीच्या कारणाविषयीं निरनिराळे तर्क झाले; परंतु खालीं लागलेली आग वरच्यांची वाट कशी अडविते, हें त्या पहांटेनें दाखविलें. सप्टेंबर २०२२ मध्यें वसई येथें तर बैठकीच्या खोलींत भरावयास लाविलेल्या दुचाकीच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक सात वर्षांचा बालक दगावला.

असें कां होतें? बॅटरी भरतांना तिच्या अंतर्गत रोधामुळें उष्णता उत्पन्न होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला कीं दर क्षणाची उष्णता चौपट! लिथियम-आयन बॅटरी सामान्यतः ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेंत भरावी. मग हवाच ४२ अंशांची असेल, तर शिल्लक राहिले तीनच अंश. आणि तेही आमच्या गोधडीनें गिळून टाकिले होते. मर्यादा फारच ओलांडली तर आंतील रसायनें स्वतःच उष्णता निर्माण करूं लागतात, त्या उष्णतेनें त्यांची क्रिया अधिक वेग घेते, आणि मग चार्जर काढूनही ती आवरत नाहीं. बाहेर पडणारा वायु ज्वालाग्राही व विषारी असतो.

२०२२ सालच्या आगींनंतर सरकारनें अशा बॅटऱ्यांचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून अमलांत आला. परंतु गोधडी घालूं नये, हें सांगावयास कोणताही नियम घरीं येत नाहीं.

म्हणून आतां आमच्या घरीं रीत बदलली आहे. उन्हांतून आलेली बॅटरी आधीं निवूं द्यावयाची. तिच्याच जातीचा, निर्मात्यानें नेमून दिलेला चार्जर वापरावयाचा. ती सावलींत, हवेशीर जागीं, अंथरूण-पडद्यांपासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, घरचीं माणसें जागीं असतांना भरावयाची. ती फुगली, आपटली किंवा तिला वास येऊं लागला, तर जाणत्या कारागिरास दाखविल्यावांचून पुन्हां जोडावयाची नाहीं. धूर दिसला तर वस्तूंचा मोह सोडून प्रथम माणसें बाहेर काढावयाचीं.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत जूलचा नियम लिहून तुम्ही गुण मिळवालच. आज घरीं गेल्यावर मात्र पाठ्यपुस्तक उघडण्यापूर्वीं एकदां जिन्याखालीं डोकावून पहा. आमच्या मातोश्री शाळेंत फारशा गेल्या नाहींत. पण जो प्रश्न आम्हांस सुचावयास हवा होता, तो त्यांनीं विचारला.