वस्तु जपणारांची शाळा

मुंबईहून रात्रीच्या गाडीनें निघालेला प्रवासी आधीं तापी ओलांडतो, मग भडोचजवळ नर्मदेचें रुंद पात्र लागतें, आणि उजाडण्याच्या सुमारास बडोदें येतें. मराठी माणसास हें शहर परकें वाटत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ सालीं येथें दत्तक येऊन गादीवर बसला, आणि सयाजीराव महाराज या नांवानें १९३९ पर्यंत त्यानें या नगरीस विद्येचें वळण लाविलें. संस्थान गेलें, राजवट गेली. पण तें वळण अद्याप पुसलें गेलेलें नाहीं.

स्टेशनापासून थोड्याच अंतरावर विश्वामित्रीच्या कांठीं सयाजी बाग आहे. जुनीं माणसें तिला अजून कमाटी बाग म्हणतात. बागेंत १८९४ सालीं पुरी झालेली वस्तुसंग्रहालयाची इमारत आहे, आणि शेजारीं चित्रशाळा. चित्रशाळेची इमारत १९१४ सालीं तयार झाली, परंतु महायुद्ध आड आल्यामुळें ती लोकांस खुली व्हावयास १९२१ साल उजाडलें. आंत मिसर देशाची ममी आहे, देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, अकोट्यास सांपडलेल्या जैन धातुमूर्ति आहेत. मुलेंबाळें देवमाशापुढें उभीं राहतात आणि वडीलधारीं मंडळी मूर्तींपुढें. एक सबंध दिवस येथें सहज निघून जातो.

परंतु या खेपेस माझें लक्ष वस्तूंपेक्षां त्या जपणाऱ्या माणसांकडे अधिक होतें. बडोद्याची खरी अपूर्वाई मला तेथेंच वाटते. महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचे ग्रंथपाल आणविले. राज्यभर ग्रंथालयें काढावयाचीं, तर तीं चालविणारीं माणसें आधीं तयार झालीं पाहिजेत, हें ओळखून १९११ सालीं ग्रंथपालांचा वर्ग सुरू करण्यांत आला. ग्रंथांच्या राखणदारांस जें शिक्षण मिळालें, तेंच पुढें वस्तूंच्या राखणदारांसहि मिळालें. येथील विद्यापीठांत १९५२ सालीं संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. या विषयाचें असें पद्धतशीर शिक्षण देणारा हा आपल्या देशांतील पहिला विभाग होय.

‘वस्तु जपण्यांत शिकावयाचें तें काय? धूळ झटकावी, कपाटास कुलूप लावावें, झालें!’ असें कोणी म्हणेल. त्यांनीं एकदां धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवीं जाऊन यावें. गोरोबाकाकांचें गांव म्हणून आपण त्यास ओळखतों. परंतु दोन हजार वर्षांपूर्वीं हेंच ‘तगर’ या नांवाची मोठी बाजारपेठ होतें. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई, असें एका ग्रीक प्रवासवृत्तांत नमूद आहे. ज्या भडोचवरून आपली गाडी आतां आली, तेंच तें बंदर. तेरच्या पांढरींतील मणी, नाणीं, मातीच्या मूर्ति एका गृहस्थांनीं वर्षानुवर्षें गोळा केल्या. ते रामलिंगप्पा लामतुरे. त्यांच्या नांवाचें सरकारी संग्रहालय आज त्या गांवीं उभें आहे.

त्या संग्रहांत हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ति आहे. इटलींतील पाँपेई हें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं एका घराच्या अवशेषांत भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ति सांपडली. तिचें व तेरच्या मूर्तीचें साम्य विद्वानांच्या ध्यानीं आलें, आणि मराठवाड्याचें एक खेडें एकदम रोमच्या साम्राज्याशीं जोडलें गेलें. हें घडलें कशामुळें? ही मूर्ति तेरची, एवढी गोष्ट कोणी तरी विसरूं दिली नाहीं म्हणून. तीच मूर्ति ‘कोठली तरी जुनी बाहुली’ म्हणून एखाद्या हौशी श्रीमंताच्या दिवाणखान्यांत गेली असती, तर ती सुंदर राहिली असती, पण मुकी झाली असती. वस्तु फुटते तेव्हां तिचें एक मरण होतें. तिची हकीकत हरवते तेव्हां दुसरें. हें दुसरें मरण आवाज न करितां येतें.

बडोद्याच्या संग्रहालयांत मला एक तरुण गृहस्थ भेटले. आपल्याकडील एका लहान गांवच्या संग्रहालयाचा भार त्यांच्यावर आहे. हंसून म्हणाले, “काका, आमच्याकडे मीच व्यवस्थापक, मीच कारकून आणि मीच झाडणारा.” त्यांच्या संग्रहांत पितळेची एक जुनी समई आहे. तिच्या बैठकीवर देणाऱ्या घराण्याचें नांव व शक कोरलेला होता. पूर्वींचे सेवक मोठे निष्ठावंत. पाहुणे यावयाचे असले कीं चिंच लावून, राखेनें घांसून समई लखलखीत करीत. वीस वर्षांच्या त्या सेवेंत शक पुसला गेला आणि नांवाचीं दोनच अक्षरें उरलीं. “एखाद्या वर्गास किंवा संमेलनास ते एकदां जरी गेले असते, तर तीं अक्षरें वांचलीं असतीं,” असें ते बोलले, तेव्हां त्यांच्या स्वरांत राग नव्हता, हळहळ होती.

निष्ठा होती, विद्या नव्हती. आणि विद्येवांचून निष्ठाहि वस्तूचा घात करिते. या विद्येचा पहिला धडा नोंदवहीचा. वस्तु दारांत आली कीं तिला क्रमांक द्यावयाचा. कोठें सांपडली, कोणीं दिली, केव्हां दिली, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावयाचें. तो क्रमांकहि थेट वस्तूवर लिहावयाचा नाहीं. अडचणीच्या जागीं, पुढें पुसून काढतां येईल अशा रोगणाचा पातळ थर देऊन त्यावर तो घालावयाचा. दुसरा धडा उजेडाचा. एक मेणबत्ती एक मीटरवरून जेवढा प्रकाश देते, त्यास एक लक्स म्हणतात. जुना कागद, पैठणी, जलरंगांचें चित्र यांना असा पन्नास लक्स प्रकाश पुरे. अधिक मिळाला कीं रंग उडूं लागतो, आणि उडालेला रंग कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. तिसरा धडा दमट हवेचा. कांशाच्या मूर्तीवर हिरवी भुकटी दिसूं लागली, तर तो मळ नसून रोग आहे. हवेंतील ओल कमी केल्यावांचून तो थांबत नाहीं.

हें सर्व पुस्तकांत छापलेलें आहे खरें. पण रोगट हिरवेपणा कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हें जाणत्या माणसाशेजारीं उभें राहूनच कळतें. म्हणून या व्यवसायांत एकत्र जमण्याला इतकें महत्त्व आहे. आपल्या देशांत संग्रहालयांच्या चालकांची परिषद १९०७ सालीं कलकत्त्यास भरली, पुढें १९१२ सालीं मद्रासेस भरली. त्या मुख्यतः मोठ्या सरकारी संस्थांच्या होत्या. सर्व हिंदुस्थानच्या संग्रहालयांचा संघ १९४४ सालीं निघाला. महाराष्ट्रासहि ही रीत नवी नाहीं. राजवाडे व मेहेंदळे यांनीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. गांवोगांवचे हौशी संशोधक तेथें जमत, आपापलीं दप्तरें दाखवीत, एकमेकांच्या वाचनांतील चुका निर्भीडपणें काढीत, आणि संमेलनांचीं वृत्तें छापून निघत. त्या वादांतूनच पुष्कळांस कागद कसा वाचावा आणि कसा राखावा हें कळलें.

आज अडचण आहे ती लहान संस्थांची. परिषदा मोठ्या शहरांत भरतात, व्याख्यानें बहुधा इंग्रजींत होतात, आणि जावयाचें तर भाड्यापासून मुक्कामापर्यंत खर्च येतो. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, जो एकटाच आहे तो गेला तर संग्रहालयास कुलूप लावावें लागतें! मग निमंत्रणपत्र टेबलावरच राहतें. यावर उपाय अवघड नाहीं. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें २०१५ सालीं एक मोठी मोटार सजवून वस्तूंचें फिरतें प्रदर्शन सुरू केलें. सयाजीरावांच्या काळीं पुस्तकांच्या पेट्या बडोदें राज्याच्या खेड्यापाड्यांतून फिरत. पुस्तकें फिरलीं, वस्तु फिरल्या; मग जाणती माणसें कां फिरूं नयेत? दोन-तीन जिल्ह्यांतील राखणदारांनीं वर्षांतून एकदां पाळीपाळीनें एकेकाच्या गांवीं जमावें. एक जाणता शिक्षक यावा, मराठींत बोलावें, आणि यजमानाच्याच कपाटांतील वस्तु हातीं घेऊन शिकवावें. याला मोठा मंडप लागत नाहीं. दोन सतरंज्या व चार दिवस पुरेत. निघतांना यजमानाचीं दोन कपाटें तरी नीट लागलेलीं असतील, आणि पाहुण्यांजवळ अडल्या वेळीं विचारावयास सहा माणसांचे पत्ते असतील. एकट्या माणसास या पत्त्यांचें मोल फार असतें.

यांत आपल्यासारख्या कुटुंबांचाहि वांटा आहे. संग्रहालयांत येणाऱ्या वस्तु आपल्याच माळ्यांवरून येतात. आजेसासूबाईंची अडकित्ता-चुनाळी, पणजोबांची दौत, देवघरांतील घासून झिजलेलें ताम्हन, हें सारें एक दिवस कोणाच्या तरी स्वाधीन होणार. देतांना वस्तूबरोबर एक कागदहि द्यावा: ही कोणाची, कोठून आली, घरांत तिचा उपयोग काय होता. घरांतील वृद्ध माणसें आहेत तोंवर तो कागद लिहून होईल. तीं गेल्यावर कितीहि विद्वान् आले तरी होणार नाहीं. आणि आपल्या गांवचा राखणदार वर्गास जावयास निघाला, तर त्याच्या भाड्याची तजवीज चार घरांनीं मिळून करावी. नवें कपाट देणगी देणाराचें नांव कपाटावर लागतें. या देणगीचें कोठेंहि लागणार नाहीं. पण समईवरचीं अक्षरें शाबूत राहतील, आणि आपल्या नातवंडांना तीं वाचतां येतील.