खालचा गुंता, वरची चूक

मैत्रिणींनो, घाईघाईने शिवायला बसावं, चार टाके पडावेत आणि कापड जागच्या जागी अडकावं! उलटून बघावं तर खाली दोऱ्याचा हा एवढा पुंजका. असं कुणाचं झालं नाही? मग आपण कात्रीने गुंता कापतो, बॉबिनला नावं ठेवतो आणि पुन्हा तेच. मीही तेच करत होते. पण त्या वेळची आठवण झाली की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

१९८२ साल. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे हे साचेखात्यात होते. पगार बंद झाला, वाण्याची उधारी वाढली. मे महिन्यात मी हातातल्या दोन पाटल्या मोडल्या आणि बंद पडलेल्या एका शिलाईखात्यातलं जुनं, कारखान्याचं मशीन घेतलं. टेबलाखाली मोटर, पाय जरा दाबला की भर्रकन पळणारं. यांना विचारलंसुद्धा नव्हतं. हे काही बोलले नाहीत. तेव्हा ते कशावरच बोलत नसत, नुसते दाराशी बसून असायचे.

शाळा उघडायच्या आत तीस गणवेष द्यायचे होते. कापड दुकानदाराचं. आणि मशीन तर दर वीतभर शिवणीला खाली जाळं विणायचं! तीन दिवस मी बॉबिनच्या केसचा स्क्रू पिळत होते. कधी घट्ट, कधी सैल. दोन फ्रॉकचं कापड ओढून फाटलं, त्याचे पैसे माझ्याच अंगावर. तिसऱ्या रात्री मी मशीनवर डोकं टेकून रडले.

तेव्हा हे उठून आले. म्हणाले, “सरक जरा.”

यांनी कापड उलटंपालटं करून पाहिलं. “अगं, गाठी खाली दिसतात म्हणून तू खालीच शोधतेस. ढिला पडलाय तो वरचा दोरा. त्याचीच वेटोळी खाली जमतात. ओव बघू पुन्हा.”

मी ओवायला लागले आणि यांनी माझा हात धरला. मशीनचा पाय खाली होता! मागचा दांडा वर करून यांनी दाखवलं : पाय वर केला की ताणाच्या चकत्या सुटतात, खाली सोडला की मिटतात. मिटलेल्या चकत्यांत दोरा शिरणार कसा? तो वरच्या वर राहत होता. घरच्या हातमशीनवर माझी ही खोड खपून जायची, त्या पळणाऱ्या मशीनने खपवून घेतली नाही. चकत्यांच्या मधून जुन्या दोऱ्याचा एक तुकडाही निघाला.

तर बायांनो, गुंता झाला की या क्रमाने बघा. आधी मोटर बंद करा. पाय वर घ्या, चाक फिरवून सुई वर आणा आणि वरचा दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. वर-खाली होणाऱ्या कडीतून तो गेलाय ना, हे पाहा. मग पाय खाली सोडून दोरा ओढा, हाताला ओढ जाणवली पाहिजे. नंतर सुई. घरच्या मशीनच्या सुईला वर सपाट बाजू असते, कारखान्याच्या सुईचं डोकं गोल, म्हणून ती उलटी बसवली तरी कळत नाही. लांब खाच दोरा शिरतो त्या बाजूला, खोलगट भाग हुकाच्या बाजूला हवा.

मग बॉबिन. केसच्या पट्टीखालचा कचरा कागदाच्या कडेने काढा. केस दोऱ्याला टांगून हलका झटका द्या. थोडी उतरून थांबली तर ताण बरोबर. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू अगदी पाव फेऱ्याने फिरवा. वरच्या ताणाला हात सगळ्यात शेवटी! त्याच कापडाच्या तुकड्यावर वर लाल, खाली पांढरा दोरा घालून शिवून बघा. खाली लाल ठिपके आले तर वरचा ताण वाढवा, वर पांढरे दिसले तर कमी करा. गाठ कापडाच्या मध्ये लपली पाहिजे. आणि शिवण सुरू करताना दोन्ही दोरे मागे धरून ठेवायला विसरू नका.

गणवेष एक दिवस उशिरा गेले. दुकानदाराने बोल लावले, पण पुढचं कामही दिलं. हे गिरणीत परत गेले नाहीत. बॉबिन भरणं, काजं करणं, शेवटी कापणंसुद्धा यांनी अंगावर घेतलं. पाटल्या काही पुन्हा झाल्या नाहीत. पण त्या रात्री, कितीतरी महिन्यांनी, यांनी मला काहीतरी शिकवलं होतं. सकाळी चहा घेताना आपणहून म्हणाले, “आज किती शिवायचेत?”